इराच्या वाट्याचा स्लाइम

“बाबा, हे ताणलंच जात नाही!”

ओजसने पातेल्यात हात घालून मूठभर गोळा वर काढला. तो क्षणभर त्याच्या बोटांना लोंबकळला आणि थप्पदिशी ओट्यावर पडला.

“निवू दे जरा.”

“मघाशीपण हेच म्हणाले तुम्ही. निवलं ना आता.”

मी बोट लावून पाहिलं. मैद्याची मस्त खळ झाली होती. कॉलेजात असताना गणपती मंडळाची पोस्टरं आम्ही असल्याच खळीने चिकटवायचो. समोर एखादी रिकामी भिंत असती तर माझी मेहनत सार्थकी लागली असती. पण समोर चार वर्षांचा मुलगा होता आणि त्याला स्लाइम पाहिजे होता.

मे महिन्यातला शनिवार होता. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो, रात्रपाळी करून सकाळी घरी आलो होतो. उन्हाळ्यात अख्खी अमरावती कूलर लावून झोपते, त्यामुळे रात्रभर लाईन ट्रिप होऊन वीज जात होती आणि लोक फोनवरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. घरी येऊन आडवा झालो, तर ओजस छातीवर येऊन बसला.

“बाबा, तुम्ही म्हणाले होते.”

म्हणालो होतो खरं. नाक्यावरच्या दुकानातून त्याने हिरव्या डबीतला स्लाइम आणला होता. ती डबी हातात घेऊनच तो जेवायचा, हातात घेऊनच झोपायचा. मग बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला आणि ती आपल्या हाताने कचऱ्याच्या बादलीत टाकली. ओजसने दवाखाना डोक्यावर घेतला. त्याला गप्प करायला मी म्हणालो, आपण घरी करू, तोंडात गेला तरी काही होणार नाही असा. दमलेला माणूस काहीही कबूल करतो.

“काहून रे,” आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “पोट्ट्याले खेळाले मैदा नासवून राह्यला?”

“थोडासाच घेतलाय, आई.”

“थोडासा! रातभर जागून आला ना तू? झोपत काहून नाही?”

झोपत काहून नाही, याचं उत्तर ओट्यावर चढून बसलं होतं. मी मैद्याचं पातेलं बाजूला सारलं आणि फोनवरचा व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातली बाई हसत हसत जवस उकळत होती. तिचा ओटा चकचकीत होता, मुलं शहाण्यासारखी हात मागे बांधून उभी होती. तिने एकदाही कपाळावरचा घाम पुसला नाही.

“जवस आहे का गं, आई?”

“चटणीपुरतं आहे. वरच्या फळीवर, पितळी डब्यात. सगळं नको घेऊ!”

मी वाटीभर जवस पाण्यात घालून गॅसवर ठेवलं. थोड्या वेळाने पाणी जडावलं, बुडबुडे आळशासारखे सावकाश फुटायला लागले आणि एक ओलसर, गवतासारखा वास सुटला. पळी वर उचलली तर तार आली. ओजसने टाळ्या पिटल्या. मी गॅस बंद केला आणि म्हणालो, “आता निवू दे, मग गाळू.”

“गरम आहे तोवर गाळा.”

मी मागे वळून पाहिलं. इरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ही माझी मोठी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. आमच्या घरात त्या दिवसांत ती इतकं कमी बोलायची, की बोलली की सगळ्यांचं लक्ष जायचं.

“काय म्हणालीस?”

“गार झालं की ते बियांना धरून बसतं. मग निघत नाही.”

“तुला कसं माहीत?”

तिने खांदे उडवले आणि आत निघून गेली. मला वाटलं, तिनेही व्हिडिओ पाहिला असेल.

इराबद्दल सांगायचं तर तिच्या केसांबद्दल सांगावं लागेल, कारण त्या महिन्यात घरात दुसरा विषयच नव्हता. तिचे केस दाट, कुरळे, पाठीपर्यंत. अगदी रेवतीसारखे. रेवती म्हणजे माझी बायको. दिवाळीनंतर ती नागपूरला निघून गेली होती. तिथे एका दवाखान्यात नर्सची नोकरी, आणि राहायला मैत्रिणीची खोली. भांडण कशावरून झालं ते सांगण्यात आता अर्थ नाही, दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांचंही चूक. मुलांची सोय झाली की घेऊन जाईन, असं ती म्हणाली होती. नेऊन तर बघ, असं मी म्हणालो होतो. ते आमचं शेवटचं बोलणं. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. मी नाव बघायचो आणि न बोलता फोन मुलांच्या हातात द्यायचो. ओजस बडबडायचा. इरा “हं” म्हणायची, “जेवले” म्हणायची, आणि फोन परत आणून द्यायची.

एरवी आमच्या घरात मम्मी हा शब्द निघत नव्हता. ओजसच्या तोंडून चुकून निघाला, तर आई हातातलं काम टाकून देवघरात जाऊन बसायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. तिचं ते उठून जाणं रागावण्यापेक्षा जास्त बोचायचं. इरा ते पाहून शहाणी झाली होती.

रेवती गेल्यावर वेण्या घालायचं काम आईकडे आलं. आई खोबरेल तेल थापायची आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून ओढायची. आमच्याकडे सगळ्यांचे केस सरळ, तिला दुसरी रीत माहीत नव्हती. फणीचे दात तुटायचे. आईची मनगटं संधिवाताने सुजलेली, ती कण्हायची. इरा मात्र हूं की चूं करायची नाही. नुसती मान ताठ करून बसायची, खांबासारखी.

“पाह्य कशी हट्टी आहे,” आई म्हणायची. “मान थोडी वाकवत नाही.”

मलाही ते हट्टच वाटायचं. पुढे पुढे ती आईच्या हाती लागेनाशी झाली. केसांवर रबर अडकवून हिंडायची. मानेमागे गुंता वाढत गेला, त्याची चटई झाली, त्याखाली घामोळं आलं. मी एकदा कंगवा घेऊन बसलो, तर ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. शेवटी आईने निकाल दिला. कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला रविवारी सकाळी घरी बोलावलं. बॉयकट.

“उन्हाळा आहे, पोट्टीच्या जिवाले आराम होईन,” आई मला म्हणाली. मग खालच्या आवाजात, “माझ्या हातानं नाही होत रे आता.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? इराला सांगितलं तेव्हा तिने केसांचं टोक मुठीत धरलं आणि दिवसभर सोडलं नाही.

तर तो शनिवार. उद्या केस जाणार होते आणि मी स्लाइम करत होतो.

चहाच्या गाळणीतून जवस गाळायला गेलो. पहिल्या दोन थेंबांनंतर गाळणी तुंबली. मी चमच्याने दाबलं, तर गाळणीच वाकली. तेवढ्यात इरा पुन्हा आली. तिच्या हातात पांढऱ्या मलमलचा एक तुकडा होता, धुऊन धुऊन विरलेला, मध्ये कडक झालेला.

“यातून गाळा. चारी टोकं धरून पिळायचं.”

“हे कुठे सापडलं?”

“कपाटात होतं. मागे.”

मी पिळलं. हात भाजले, पण काचेसारखा पारदर्शक चिकट द्रव वाडग्यात उतरला. ओजस नाचायलाच लागला. त्याच्या वाट्याच्या चिकात मी कॉर्नफ्लॉवर मिसळलं, बिटाचा रस घातला. व्हिडिओतल्या बाईसारखा झाला नाही. पण ताणला की हातभर लांब होत होता, आणि गुलाबी होता.

“तुझा कुठल्या रंगाचा करू?” मी इराला विचारलं.

“माझा तसाच ठेवा.”

“अगं, पीठ घातल्याशिवाय खेळता येणार नाही.”

“चालेल. पीठ नको, रंग पण नको.”

तिने आपला वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि जपून आत नेला. मला बरं वाटलं. चला, पोरगी निदान कशात तरी रमली. मी कूलरसमोर जमिनीवरच आडवा झालो. ओजस माझ्या पोटावर गुलाबी साप वळत होता. डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली ती आईच्या ओरडण्याने.

“माय वो! हे काय केलं वो पोट्टी! गिरिधर! अरे ऊठ, पाह्य इनं काय केलं!”

मी धडपडत उठलो. आतल्या खोलीत इरा आरशासमोर पाटावर बसली होती. केस ओले होते. वाडगा मांडीवर, आणि ती मुठीने तो चिक काढून केसांवर चोपडत होती. खांद्यावरून ओघळ फ्रॉकवर आले होते, फरशीवर थेंब पडले होते.

“आधीच चटई झाली, त्यात हा चिकटा घातला!” आई कपाळावर हात मारत म्हणाली. “आता तर मुळापासून कापा लागन. उद्याची वाटच नको पाहू, आण ती कात्री!”

माझी झोप अर्धवट मोडली होती, डोकं भणभणत होतं. खरं सांगतो, मला त्या क्षणी रडूच आलं. रागाचं रडू. रात्रभर लोकांच्या शिव्या, दिवसभर मैदा आणि जवस, आणि आता हे. मी तिचा दंड धरून तिला उठवायला वाकलो.

“इरा, काय चाललंय तुझं? कळत नाही का तुला?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्या दुसऱ्या हातात मोठ्या दातांचा कंगवा होता. तिने पुढची एक बट धरली आणि तिच्यातून कंगवा खाली नेला. कंगवा अडकला नाही. गुळगुळीत, सरळ खालपर्यंत आला. आणि बट सोडल्याबरोबर तिची एक घट्ट, चकचकीत गुंडाळी झाली.

मी तिचा दंड सोडला.

“मम्मी असंच करायची,” इरा म्हणाली. “तुम्ही ड्यूटीवर जायचे, तेव्हा.”

 मी आईकडे बघायचं टाळलं. सकाळपाळीला मी सहाच्या आत बाहेर पडायचो आणि रात्रपाळीहून यायचो तेव्हा मुलं शाळेत गेलेली असायची. रेवती असताना इराच्या वेण्या मी नेहमी घातलेल्याच पाहिल्या होत्या. ती त्या कशा घालायची, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

आई देवघरात गेली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि आपली मनगटं चोळत राहिली.

“मले एका शब्दानं सांगतलं असतं तं,” ती शेवटी म्हणाली.

इरा खाली बघत म्हणाली, “तुम्हाला राग आला असता.”

आई उठून फरशीवरचे थेंब पुसायला लागली.

वाडग्यातला चिक समोरच्या आणि बाजूच्या केसांना पुरला. मानेमागचा गुंता तसाच राहिला, आणि चिक संपला. आईने पितळी डबा आणून माझ्यापुढे ठेवला. तळाशी मूठभर जवस शिल्लक होतं.

“सकाळी करू,” मी म्हणालो. 

“ती बाई दहा वाजता येणार आहे,” इरा म्हणाली.

“त्याच्या आधी करू.”

रविवारी माझी सुट्टी होती. ओजस झोपलेला असतानाच आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. पाणी जास्त झालं की जवस कमी पडलं, कोण जाणे. गरम असतानाच गाळलं, तिच्याच मलमलमधून पिळलं, तरी निवल्यावर चिक पाण्यासारखा पातळ राहिला. तिच्या मानेमागे लावला तर नुसता ओघळून पाठीवर गेला. डबा रिकामा झाला होता.

“मम्मी शेवटी काहीतरी घालायची,” इरा म्हणाली. “मग घट्ट व्हायचं. आणि वेगळा वास यायचा.”

“काय घालायची?”

“आठवत नाही.” तिने डोळे मिटून घेतले, जोर लावून आठवायचा प्रयत्न केला. मग तिची हनुवटी थरथरली. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदा पाहिलं. “मी आरशात माझ्याकडेच बघत बसायची, बाबा. मम्मीकडे बघितलंच नाही.”

फोन ओट्यावरच होता. मी तो उचलला, ठेवला, परत उचलला. रेवतीचा नंबर लावायला काय लागतं? एक बोट. पण ते बोट हलेना. रविवारी संध्याकाळी फोन तिचा यायचा, हा नियम होता. मी फोन करणं म्हणजे हरणं होतं, असं मी स्वतःला दिवाळीपासून सांगत आलो होतो.

पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“काय झालं? ओजस बरा आहे ना?”

“बरे आहेत सगळे.”

“मग?”

“जवसाच्या पाण्यात तू शेवटी काय घालायचीस?”

पलीकडे कुठेतरी ढकलगाडीची चाकं वाजली, कोणीतरी “सिस्टर” म्हणून हाक मारली.

“कशाला?” तिने विचारलं.

“इराच्या केसांना.”

“कोण लावतंय?”

“मी.”

 मग ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी कामाचा होता, नर्सचा.

“कोरफड घालायची. ताजी, गर घोटून. चिक निवला की मग. गरमात घालू नका.”

“बरं.”

“आणि विंचरायचं खालून. टोकापासून थोडं थोडं वर. मुळाशी ओढलं ना, तर ती रडत नाही. दुखलं तरी सांगत नाही. नुसती मान ताठ करते. मान ताठ झाली की थांबायचं.”

 ती ताठ मान मी कितीदा पाहिली होती.

“ऐकताय ना?”

“हो.”

“मान सैल झाली की मग पुढे.”

“तिला देऊ फोन?”

“आधी केस होऊ द्या. अर्ध्यात सोडले की पुन्हा गुंता होतो.” ती थांबली. “संध्याकाळी करते मी.”

फोन ठेवून वळलो, तर आई मागच्या दारातून आत येत होती. अंगणातल्या कुंडीतलं कोरफडीचं जाड पान तिच्या हातात होतं. तिने सगळं ऐकलं होतं. विळीवर बसून तिने पानाच्या कडेचे काटे काढले, साल सोलली, दुखऱ्या मनगटांनी गर घोटला आणि वाटी माझ्यासमोर सरकवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

चिक घट्ट झाला. इराने वाकून वास घेतला आणि मान हलवली. हाच.

मी खुर्चीवर बसलो, तिला पुढ्यात पाटावर बसवलं आणि मानेमागचा गुंता हातात घेतला. टोकं मोकळी करत करत मी वर सरकत होतो. माझी बोटं तारा जोडणारी, जाड. घाई केली की चुकायचं. दाराची कडी वाजली. पार्लरवालीचा आवाज आला, आणि आईचाही, उंबऱ्यातूनच.

“आज नको वो बाई. पोट्टीचे केस विंचरणं चालू आहे.”

दार लागलं. ओजस उठून आला होता, कालचा वाळलेला गुलाबी स्लाइम घेऊन तो समोर बसला आणि म्हणाला, “दीदीच्या डोक्यात स्प्रिंगा आल्या.” इरा हसली असावी, तिचे खांदे हलले.

मग कंगवा मुळाशी एका गाठीत अडकला, आणि तिची मान ताठ झाली. खांबासारखी.

मी थांबलो. कंगवा तसाच धरून ठेवला. बराच वेळ.

“झालं का?” तिने विचारलं.

“नाही. थांबलोय.”

“का?”

“दुखतंय ना तुला?”

 तिने अगदी हळू विचारलं, “तुम्हाला कोणी सांगितलं?”

आई दाराशीच उभी होती. मी तिच्या देखत म्हणालो, “तुझ्या मम्मीने.”

आई जागची हलली नाही. इराही हलली नाही. पण माझ्या हाताखाली तिची मान थोडी थोडी सैल होत गेली, इतकी की शेवटी तिचं डोकं मागे येऊन माझ्या गुडघ्यावर टेकलं, सगळ्या भारासकट. आणि मग मी कंगवा पुढे नेला.